सावरीच्या बोंडातले वण

"वृंदा, हात लावू नगंस! हाय तितंच थांब!"

सासूबाईंचा आवाज मागून आला आणि माझा हात बोंडाच्या तोंडापाशीच थबकला. त्याच्यावर पांघरलेलं जुनं लुगडं मी नुकतंच काढलं होतं.

आजऱ्याच्या वरच्या अंगाला आमचं शेत. त्यातलं बंद पडलेलं गुऱ्हाळ सासऱ्यांच्या मागे नुसतं धूळ खात होतं. तिथे मी माझं मातीकाम थाटलं होतं. काहिलीच्या जागी भट्टी बांधली होती. आणि त्या छपरातला सगळ्यात मोठा ऐवज म्हणजे हे बोंड. सावरीचं बोंड उकलतं, कापूस वाऱ्यावर निघून जातो आणि पाच फाकांचं रिकामं टरफल फांदीला लोंबत राहतं, ते मी मातीत केलं होतं, माझ्या कमरेएवढं उंच. अख्खा हिवाळा त्याच्यापायी गेला होता. मातीच्या वळ्या लावायच्या, थापायच्या, खालचं जरा आवळलं की वरचं चढवायचं, आणि सुकताना तडा जाऊ नये म्हणून सासूबाईंची जुनी लुगडी पांघरायची. वृंदा नवऱ्यापेक्षा बोंडाला जपते, असं माझा नवरा सयाजी येईल त्या पाहुण्याला सांगायचा. खोटं नव्हतं.

आई पुढे आल्या. सासूबाईंना मी आईच म्हणायचे. पदर सावरून त्यांनी बोंडात डोकं घातलं आणि आतूनच म्हणाल्या, "कुंभारीण माशी हाय. घरं बांधल्यात तिनं. बग की ये."

मी वाकून पाहिलं. दोन फाकांच्या बेचक्यात बोराएवढी गोल गाडगी एकाला एक चिकटून बसली होती. माती माझीच. भिजवलेल्या मातीच्या घमेल्यातून बाईसाहेबांनी तोंडातोंडाने उचलून नेली होती. शेवटच्या गाडग्याचं तोंड अजून उघडं होतं आणि त्यात पिल्लाच्या खाण्यासाठी एक हिरवी अळी कोंबलेली दिसत होती. तेवढ्यात ती स्वतः आली. काळी-पिवळी, बारीक कमरेची. आम्हा दोघींना तिने काडीची किंमत दिली नाही. गाडग्याच्या काठावर बसून तोंड बंद करायच्या कामाला लागली.

"मी मेले हिवाळाभर थापतेय आणि ही आयत्या घरात घर बांधते," मी म्हणाले.

आई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते.

"कुंभारीण कुटंबी घर न्हाई करत, पोरी. ज्या घरात पाळणा हलायचा असतोय, तितंच करती. सयाजीच्या वक्ताला देव्हाऱ्याच्या वरल्या तुळईला केलं हुतं. म्या झाडूसुदीक लागू दिला न्हाई." मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती उडून जास्तोवर ह्याला जाळ लावायचा न्हाई."

"आई, अहो, प्रदर्शन आहे. भट्टी या आठवड्यातच लावायला हवी."

"लाव की. बाकीची भाज. हे ऱ्हाऊ दे."

त्या गेल्या, आणि मी तिथेच मोडक्या चरकाच्या दगडावर बसून राहिले. कारण आईंना जे कुंभारणीने सांगितलं, ते मला त्याआधीच ठाऊक होतं. पाळी चुकली होती. सकाळी चहाचा वास नकोसा होत होता. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, सयाजीलाही नाही.

त्याआधी दोनदा सांगून झालं होतं. पहिल्या वेळी आईंनी गावभर पेढे वाटले आणि पंधरवड्यात सगळं संपलं. दुसऱ्या वेळी पेढे नव्हते, पण गडहिंग्लजच्या डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उठू नका म्हटलं, म्हणून मुंबईचं ठरलेलं प्रदर्शन मी सोडून दिलं. प्रदर्शनही गेलं आणि पोटातलंही राहिलं नाही. त्यानंतर वर्षभर लोक माझ्याशी खालच्या आवाजात बोलायचे. तिसऱ्यांदा ते ऐकायची माझी तयारी नव्हती. पोट दिसायला लागेल तेव्हा दिसेल, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि हे प्रदर्शन दुसऱ्यांदा मिळालेलं होतं. गॅलरीच्या फिरोजाबाईंनी मला फोनवर स्पष्ट बजावलं होतं, "वृंदा, मी कुणाला दोनदा बोलवत नाही. तुला बोलावते आहे." त्यांना माझी मालिका आवडली होती. गोगलगाईचा शंख, रातकिड्याची कात, सुगरणीचं अर्धवट टाकलेलं घरटं, करंजाची शेंग आणि मधोमध हे बोंड. सगळी मोठाली, सगळी आतून मोकळी. आई एकदा फळीवरून नजर फिरवत म्हणाल्या होत्या, "सगळं मोकळंच कसं गं करतीस? एखादं भरल्यालं कर की." मी त्यांना म्हटलं होतं की भरीव माती भट्टीत फुटते. ते खरंच आहे. जाड मातीत ओल अडकते आणि जाळ लागला की तुकडे उडतात. पण मी मोकळं का करत होते ते त्यांनाही कळत असणार, कारण पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

संध्याकाळी फिरोजाबाईंचा फोन आला. फोन सोप्यात होता, घरातल्या सगळ्यांच्या कानांवर पडेल असा. मी त्यांना हसत हसत कुंभारणीची गोष्ट सांगितली. मला वाटलं, त्याही हसतील.

"अगं, काय सांगतेस काय!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "मग काढू नकोस ना! तिच्या घरांसकट भाज. तुझी माती, तिची माती, एकाच भट्टीत! लोक वेडे होतील."

"आत अळ्या आहेत हो. तिची पिल्लं आहेत."

"मग? ती जळून जातील, मडकी राहतील. तुझ्या सगळ्या कामाचं तेच तर आहे."

मी बरं म्हणून फोन ठेवला. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसलं. करड्या फाकांच्या बेचक्यात भाजून लाल-काळी झालेली ती इवली गाडगी. फार सुंदर दिसली असती. मग मला ओकारी आली आणि मी परसात पळाले.

आईंसमोर मी सयाजीला अहो म्हणायचे, खोलीत अरे. त्या रात्री खोलीत तो म्हणाला, "खरवडून टाक ना. आईला म्हणू, पालीने पाडलं."

"मी नाही खरवडणार."

"मग त्या फिरोजाबाई म्हणतात तसं भाज."

"तेही नाही."

"तू कधीपासून मानायला लागलीस हे सगळं?"

मी मानत नव्हतेच. पण भीत होते. या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदतात, हे मला तेव्हा कळलं. समजा मी ती घरं जाळली आणि मागच्यासारखं झालं, तर डॉक्टरीणबाईंनी शंभर कारणं सांगितली असती तरी मी एकच ऐकलं असतं. उरलेलं आयुष्य मला त्या अळ्या दिसल्या असत्या. पण सयाजीला हे सांगायचं तर आधी ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी म्हणाले, "आई नको म्हणाल्या ना. झालं तर."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला ताप आलाय का हे बघायला कपाळाला हात लावेल. आणि खरंच लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरोजाबाईंना फोन केला. बाकीची सगळी पाठवते, बोंड पाठवता येणार नाही, असं सांगितलं. मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, की मधला चौथरा त्या बोंडासाठीच केला आहे, निमंत्रणावर फोटो त्याचा आहे, आणि ते नसेल तर मी आत्ताच दुसऱ्या कुणाला तरी विचारते. "तू हे दुसऱ्यांदा करते आहेस, वृंदा. तुला काम करायचं नसेल तर तसं सांग."

"करायचं आहे," मी म्हणाले. "मी उद्या फोन करते."

मागे वळले तर आई माजघराच्या दारात, हातात शेंगांचं सूप.

"काय म्हनती ती बाई?"

"काही नाही."

"म्या भैरी न्हाई गं. बोंड न्हाई तर काय बी नगं, आसंच ना?" सूप खाली ठेवून त्या माझ्याजवळ आल्या. "मग कशापायी अडून बसलीयास?"

इथे मी जे बोलले, ते सहज तोंडातून गेलं. दुसरं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून जे जवळ होतं ते सांगितलं. "तुम्ही म्हणालात ना, आई. तुमचा शब्द मोडून मला नाही भट्टी लावायची."

सासऱ्यांना मी कधी पाहिलं नाही, पण ऐकलं होतं. त्यांच्या वेळी घरात आईंच्या शब्दाने गोठ्यातली म्हैससुद्धा बांधली-सोडली जात नसे. लेकाने लग्न ठरवलं तेही त्यांना न विचारता, माझ्याशी. त्यांनी सूप उचललं, दोन पावलं गेल्या, पुन्हा वळल्या. "माझ्या शब्दाखातर?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्या आत गेल्या. जेवताना मला त्यांनी आग्रहाने साय वाढली.

रात्रभर मी विचार केला आणि पहाटे माझं ठरलं. आईंना सांगून टाकायचं. प्रदर्शन गेलं तर जाऊ दे, निदान कशासाठी गेलं ते एका माणसाला तरी कळू दे. त्यांचे ते भरून आलेले डोळे मला सारखे आठवत होते. त्यांना सांगायचं, आई, तुमची कुंभारीण खोटं नाही बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं, जरासं हसूही येत होतं. मी चूळ भरली आणि त्यांना शोधत निघाले. त्या घरात नव्हत्या. गुऱ्हाळाचं दार उघडं होतं.

आई बोंडाजवळ खाली बसल्या होत्या. न्हाऊन आल्या होत्या, केस ओले होते. बोंडाच्या पायाशी हळदकुंकू वाहिलेलं, समोर नारळ. आणि त्यांच्या मांडीवर पदरात मातीचे तुकडे. त्यांच्या हातात कालथा होता.

"ये," त्या म्हणाल्या. "लाव भट्टी."

मी बोंडात पाहिलं. बेचक्यात फक्त गोल वण उरले होते, एकाला एक लागून. आईंच्या पदरात हिरव्या अळ्या पडल्या होत्या, आणि एका फुटक्या गाडग्यात पिवळसर पांढरं, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, काहीतरी हलत होतं.

"आई," मी म्हणाले. "काय केलंत हे?"

"म्या केलं. तू न्हाई केलंस. देवाला सांगून केलंय, जे काय असंल ते माझ्या माथी, पोरीच्या न्हाई." त्या रडत नव्हत्या. "माझ्या शब्दाखातर तू हातातलं सोडाय निघालीस. माझ्यासाठनं आजवर कुनी काय सोडलं न्हाई, वृंदा. नातू काय, यायचा असंल तवा येईल. तुझं हे काम रोज येत न्हाई. हिवाळाभर बगितलंय म्या तुला."

मला त्यांचा राग आला. भयंकर राग आला. त्यांच्या हातातला कालथा हिसकून फेकून द्यावा असं वाटलं. तोंडावर आलेलं सगळं ओरडून सांगावं असं वाटलं. आणि मग त्यांची मांडी दिसली. कालथा बाजूला ठेवून ते फुटकं गाडगं त्यांनी दोन्ही तळव्यांत धरलं होतं, आतलं सांडू नये म्हणून.

"हे उंबराच्या ढोलीत ठेवून येतो," त्या म्हणाल्या. "जितं असलं तर जगंल."

त्या उठल्या आणि ओलेत्या केसांनी बांधाकडे चालू लागल्या. मी हाक मारली नाही. जे सांगायला आले होते ते आता सांगितलं असतं तर त्या बाईने काय केलं असतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. पुढचे महिने तिने अन्न गोड मानून घेतलं नसतं. आणि काही बिनसलं असतं, तर तिने स्वतःला कधीच माफ केलं नसतं.

मग मी सयाजीला सांगितलं. तो भट्टीसाठी लाकडं फोडत होता. कुऱ्हाड टाकून तो उभा राहिला, आधी हसला, मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला.

"आईला सांगूया," तो म्हणाला. "आनंद होईल तिला."

"आत्ता? आज? त्यांच्या हातातली माती अजून वाळली नाही रे."

"मग कधी?"

"सगळं नीट पार पडलं की. हातात मूल देऊनच सांगू."

त्याने मान हलवली. भट्टीत सगळी कामं रचून झाली, मधे बोंड, आणि पहिलं लाकूड सरकवायची वेळ आली तेव्हा आई आल्या. जाळ त्यांनीच लावला. रात्रीपर्यंत त्या तिथेच बसून होत्या आणि मी लाकूड उचलायला गेले की सयाजीवर ओरडत होत्या, "अरं, तिला वाकू देऊ नगंस, दमलीया ती." मला वाटलं, यांना कळलं. पण नाही, ती नुसती माया होती.

बोंड भट्टीतून अखंड निघालं. कुठे केसाएवढीही चीर नाही. कुंकवाचा डाग जळून गेला होता. आतले वण मात्र भाजून पक्के झाले होते.

मुंबईत, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, सगळं संपलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की माझ्या गर्भाशयाची ठेवणच तशी आहे, यात कुणी काही केल्याने किंवा न केल्याने फरक पडला नसता. मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी गॅलरीत खुर्चीवर बसून राहिले आणि येणारे-जाणारे बोंडात वाकून बघत होते. एका गृहस्थांनी विचारलं, हे आतले गोल ठसे फार बोलके आहेत, कशाने उमटवले? मी म्हटलं, सासूबाईंनी. त्यांना तो विनोद वाटला.

परतीच्या गाडीत सयाजीने विचारलं, "आईला काय सांगायचं?"

"प्रदर्शन चांगलं झालं म्हणून सांग."

त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही. काम पुष्कळ झालं, लोकांनी नावाजलं. ते बोंड तेवढं मी विकलं नाही. फिरोजाबाई रागावल्या, मग त्यांनीच ते गाडीत घालून परत पाठवलं. सोप्याच्या कोपऱ्यात ते उभं राहिलं आणि म्हातारपणी आई त्याच्याच शेजारी टेकून बसू लागल्या. देवाच्या वातींचा कापूस त्यात ठेवायच्या. कापूस काढताना त्यांची बोटं त्या वणांवरून फिरायची.

एका दुपारी मी शेजारी बसून भाजी निवडत होते. त्यांनी बोंडात हात घातला आणि तो तसाच आत ठेवून विचारलं, "वृंदा, त्या वक्ताला तुला काय हुतं का गं?"

"कुठल्या वेळी, आई?"

"ही घरं म्या मोडली तवा."

किती वर्षं त्या हे आत घेऊन बसल्या होत्या कोण जाणे. मी निवडलेल्या भाजीतली एक काडी उगाच मोडली. "नाही हो. काही नव्हतं."

"खरं सांग. तुला साय खाववत नव्हती. म्या बगितलं हुतं, पन तवा ध्येनात आलं न्हाई. मागनं आलं."

"पित्त झालं होतं, आई."

त्यांनी हात बाहेर काढला, माझा हात धरला आणि ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. कातडी सैल झाली होती, खाली शीर उडत होती. "माझ्या गळ्याची शपत घे," त्या म्हणाल्या. "खोटी घेशील तर म्या मरंन, हे ध्येनात ठेव."

त्यांच्या डोळ्यांत सरळ बघत मी म्हणाले, "तुमच्या गळ्याची शपथ. त्या वेळी घरात कुणी यायचं नव्हतं."

मोठा श्वास सोडून त्या म्हणाल्या, "मग कुंभारीण चुकलीच म्हनायची," आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. त्या दुपारी त्या दिवेलागणीपर्यंत गाढ झोपल्या.

त्यानंतर आई चांगली पुष्कळ वर्षं जगल्या. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण पहिलं वर्षभर रोज उजाडताच मी त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहायचे, पांघरूण वर-खाली होताना दिसलं की मगच चूल पेटवायला वळायचे.